गावात निवारा एकच, तोही मिशनचा

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात रोग नदीच्या काठी ग्रँट्स पास नावाचं गाव आहे. वस्ती साधारण ३८ हजार, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. उद्यानात गोधडी पांघरून झोपणाऱ्यांना दंड करावा की नाही, या वादावरून २०२४ साली हे गाव थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं. निकालाच्या बातम्या सगळीकडे आल्या. त्या खटल्याच्या कागदपत्रांत गावातल्या एका ख्रिस्ती निवाऱ्याची बारीकसारीक माहितीही आहे. श्रद्धेच्या बळावर छोट्या गावात निवारा चालवताना काय काय आड येतं, हे समजून घ्यायला ती फार उपयोगी पडते.

खाटा आणि अटी

गॉस्पेल रेस्क्यू मिशन हे त्या निवाऱ्याचं नाव. पुरुषांसाठी ६० खाटा, बायका-मुलांसाठी ७८. खटल्याच्या वेळी गावात बेघर माणसं सुमारे ६०० होती. प्रौढांसाठी दुसरा निवारा नव्हता आणि भाड्याने घर मिळणं जवळपास अशक्य होतं.

तेव्हा इथे राहायचं तर दिवसातून दोनदा प्रार्थनेला बसायचं, रविवारची उपासना चुकवायची नाही, विडी-सिगारेट बंद, आणि आठवड्यातले सहा दिवस रोज सहा तास काम. हे मान्य केलं की तीस दिवसांचा मुक्काम.

हे वाचून लगेच नाक मुरडायला नको. धूम्रपानबंदी घ्या. साठ जण एका छताखाली झोपतात तिथे पेटती सिगारेट अंथरुणात पडली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. कामाचंही तसंच. पगारी माणसं ठेवायची ऐपत नसते. स्वयंपाक, झाडलोट, चादरी धुणं हे राहणाऱ्यांनीच केलं तर घर चालतं. पण पाठीचं दुखणं असलेल्या किंवा मन थाऱ्यावर नसलेल्या माणसाला सहा तास काम जमणार नाही, आणि उद्यानातल्या बाकावर बहुधा तोच असतो. म्हणजे ही अट माणूस बघून सैल करता आली पाहिजे. प्रार्थनेच्या सक्तीचं मात्र तसं नाही. तिच्यामुळे कुणाची झोप सुखाची होत नाही आणि एकही चादर धुतली जात नाही.

मोठ्या शहरात असे दहा निवारे असतात. एकाच्या अटी पटल्या नाहीत तर माणूस दुसऱ्या दारात जातो. ग्रँट्स पासमध्ये दुसरं दार नव्हतं, त्यामुळे एका खासगी संस्थेची नियमावली हेच सगळ्या गावाचं बेघरांविषयीचं धोरण होऊन बसलं. मिशनने ते मागून घेतलं नव्हतं. नगरपालिकेने स्वतः काही न करता ते त्याच्या गळ्यात पडू दिलं.

आधी प्रवचन, मग सूप

निवाऱ्याच्या बदल्यात प्रार्थना, ही पद्धत जुनी आहे. जेरी मॅकॉली हा आयर्लंडहून आलेला, सिंग सिंग तुरुंगात शिक्षा भोगलेला माणूस. त्याने १८७२ मध्ये न्यूयॉर्कच्या वॉटर स्ट्रीटवर पहिलं रेस्क्यू मिशन काढलं. बेघरपणाचं मूळ दारू आणि पाप, आणि त्यावर उपाय मनपरिवर्तन, ही त्यामागची धारणा. तिने काही माणसं खरोखर सावरली, स्वतः मॅकॉली त्यांतलाच. पण घरभाडं परवडत नाही म्हणून रस्त्यावर आलेल्या बाईने कशाचा पश्चात्ताप करायचा?

याच्या उलट टोकाचा विचार त्याच शहरात १९९२ मध्ये पुढे आला. मानसशास्त्रज्ञ सॅम त्सेम्बेरिस यांनी आधी घर द्या, व्यसन नि उपचारांचं नंतर बघू, अशी योजना सुरू केली. अनेक मिशनांना ही मांडणी आजही पटत नाही.

पैसा आणि त्याच्या अटी

सरकारी पैसा घेतला तर उपासना ऐच्छिक ठेवावी लागते आणि ती वेगळ्या वेळी किंवा वेगळ्या जागी करावी लागते, असा संघराज्याच्या गृहनिर्माण खात्याचा नियम आहे. म्हणून प्रार्थनेची सक्ती ठेवणाऱ्या संस्थेला देणग्यांवरच भागवावं लागतं. छोट्या गावात देणगीदार म्हणजे तोच वाणी, तोच दंतवैद्य, तेच वीस-पंचवीस घरांचं मंडळ. त्यांची नाराजी ओढवून घेणं परवडत नाही, आणि त्यांच्यातले काही उद्यानातल्या तंबूंची तक्रार करणाऱ्यांपैकीच असतात.

आपल्याकडे सरकारी पैशाचं गणितही छोट्या गावाशी जुळलं नाही. राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात निवाऱ्यांचा हिशेब दर लाख शहरी वस्तीमागे मांडलेला होता. अडतीस हजारांचं गाव त्यात अपूर्णांकातच राहायचं. तिथे रात्री पाठ टेकायला देवळाची ओवरी, नाहीतर एसटी स्टँड.

ब्रायनचं चर्च

पैसा जमला, मन मोकळं असलं, तरी इमारत आडवी येते. ओहायो राज्यातलं ब्रायन हे साडेआठ हजार वस्तीचं गाव ‘डम डम्स’ या लॉलीपॉपच्या कारखान्यासाठी प्रसिद्ध. तिथल्या डॅड्स प्लेस या चर्चने चोवीस तास दार उघडं ठेवलं आणि लोक रात्री तिथे झोपू लागले. नगरपालिकेचं म्हणणं असं की बाजारपेठेच्या त्या भागात तळमजल्यावर राहण्याची परवानगी नाही, आणि आगीपासून बचावाची सोयही नियमाप्रमाणे नाही. २०२३ च्या अखेरीस पाद्रीवर अठरा आरोप ठेवले गेले. चर्चने उलट धर्मस्वातंत्र्याचा दावा लावला. जानेवारी २०२५ मध्ये पालिका न्यायालयाने पाद्रीला दोषी ठरवलं.

मला यात दोन्ही बाजू कळतात. कडाक्याच्या थंडीत दार लावून घेणं कुठल्याच धर्मात बसत नाही, पण धूर कोंडला तर फक्त उघडं दार पुरत नाही. निवारा काढणाऱ्याने पहिली चक्कर अग्निशमन दलाकडे मारावी. वर्गणीची पावतीपुस्तकं छापायचं नंतर बघता येईल.

वहीतली नावं

छोट्या गावात आणखी एक अडचण असते. सगळे सगळ्यांना ओळखतात. रात्रपाळीच्या स्वयंसेवकासमोर शाळेतला वर्गमित्र उभा राहतो. मार खाऊन घर सोडलेली बाई आत आहे आणि तिचा नवरा त्याच चर्चच्या गायकवृंदात, असंही होऊ शकतं. म्हणून नोंदवही कुणी बघायची, फोन आला तर काय सांगायचं, हे आधी ठरवून सगळ्यांकडून पाळून घ्यावं लागतं. दिवसा हात द्यायला माणसं मिळतात. रात्री दोन ते पहाटेपर्यंत जागणारं भरवशाचं माणूस मिळणं अवघड, आणि बरेच उपक्रम तिथेच बसतात.

फिरता निवारा

इमारत नसेल तर काय, याचं एक उत्तर १९८६ च्या सुमारास दोन ठिकाणी सापडलं. नॅशव्हिलमध्ये फादर चार्ल्स स्ट्रोबेल यांनी ‘रूम इन द इन’ सुरू केलं. हिवाळ्यात शहरातली चर्च आळीपाळीने आपापल्या सभागृहात पाहुणे झोपवतात. त्याच सुमारास न्यू जर्सीत कॅरेन ओल्सन यांनी बेघर कुटुंबांसाठी अशीच व्यवस्था उभी केली. एक मंडळी आठवडाभर यजमान, पुढच्या आठवड्यात दुसरी. तिचं पुढे ‘फॅमिली प्रॉमिस’ झालं. वेगवेगळ्या पंथांची, धर्मांची प्रार्थनास्थळं एकत्र आल्यावर कुणाची प्रार्थना सक्तीची करायची हा प्रश्न सहसा उरत नाही. छोट्या गावाला हे झेपतं. पण दर आठवड्याला बिऱ्हाड हलवणं मुलांना जड जातं, आणि एकट्या, आजारी पुरुषाला या कुटुंबांच्या व्यवस्थेत जागा नसते.

निकालानंतर

ग्रँट्स पासच्या खटल्यात खालच्या न्यायालयांनी मिशनच्या खाटा ‘उपलब्ध’ धरल्या नव्हत्या. प्रार्थनेची आणि धूम्रपानबंदीची अट हे त्याचं एक कारण. उलट मिशनचं सांगणं असं की पालिकेच्या दंडाच्या कारवाईवर या न्यायालयांची बंदी आल्यावर त्यांच्याकडे येणारे सुमारे ४० टक्क्यांनी घटले. पोलिसांचा बडगा नव्हता तेव्हा बऱ्याच लोकांनी प्रवचनापेक्षा उद्यान पत्करलं, असा मी त्याचा अर्थ लावतो. मिशन तो तसा लावत नाही. २८ जून २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी पालिकेच्या बाजूने कौल दिला. उद्यानात झोपल्याबद्दल दंड करणं ही राज्यघटनेने निषिद्ध ठरवलेली ‘क्रूर’ शिक्षा नाही, असं न्यायमूर्ती गॉर्सच यांनी लिहिलं. तेव्हा दंड २९५ डॉलरचा होता, न भरल्यास ५३७ डॉलर ६० सेंट. त्या निकालाने मिशनच्या १३८ खाटा काही वाढल्या नाहीत.