कपावरचा ठिपका

बुरोंडीच्या बंदरावर उभी हयात घालवलेले एक तांडेल माझ्याकडे वर्षानुवर्षे येतात. वय चौऱ्याहत्तर. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की जाळी दुरुस्त करण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. परंतु दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत गेले आणि जाळे कोठे फाटले आहे हे बोटांनी चाचपून पाहण्याची पाळी आली. शस्त्रक्रिया करून घ्या, असा आग्रह मीच धरला. मुलगा त्यांना शहरातील एका रुग्णालयात घेऊन गेला.

त्यानंतर चार महिने ते माझ्याकडे फिरकले नाहीत. आले ते मनगट सुजवून. पहाटे अंगणाची पायरी न दिसल्यामुळे पडले होते. डोळ्यांकडे पाहिले तर मोतीबिंदू जसेच्या तसे. हळूहळू हकिगत बाहेर आली. शस्त्रक्रियेपूर्वी ‘नेहमीच्या तपासण्या’ म्हणून रक्त घेतले गेले. कसल्या तपासण्या, हे ना त्यांना सांगितले, ना मुलाला. दुसऱ्या दिवशी काउंटरवरच्या माणसाने चार लोकांदेखत सांगितले, “आजोबा, तुमच्या रक्तात एचआयव्ही आला आहे. ऑपरेशन इथे होणार नाही.”

घरी आल्यावर त्यांचे अंथरूण माजघरातून पडवीत आले. धाकट्या नातवाला त्यांच्याजवळ जाऊ देईनात. सुनेने त्यांच्या चहाच्या कपाला ओळखीसाठी नेलपॉलिशचा ठिपका लावला. तिच्यावर मी रागावू शकलो नाही, कारण तिला कोणी काही समजावूनच सांगितले नव्हते. तांडेल मला एवढेच म्हणाले, “डॉक्टर, आजार असेल तर असू दे. पण त्या ठिपक्याने जीव जातो.”

मी त्यांना शासनाच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात, म्हणजे आपण ज्याला आयसीटीसी म्हणतो तेथे, पाठविले. तेथे चाचणीपूर्वी आणि चाचणीनंतर समुपदेशक रुग्णाशी एकांतात बोलतो, चाचणी विनामूल्य असते आणि निष्कर्ष गुप्त राखला जातो. पहिल्या चाचणीत काही आढळले तर वेगवेगळ्या संचांनी पुन्हा तपासल्याशिवाय कोणालाही ‘बाधित’ ठरविले जात नाही. तांडेलांचा अहवाल निर्दोष आला. रुग्णालयात झाली होती ती एकच प्राथमिक चाचणी, आणि अशी चाचणी क्वचित चुकीचा कौल देते. पुढे दुसरीकडे त्यांची शस्त्रक्रिया झाली.

येथे गोष्ट संपवता आली असती. परंतु तो अहवाल खरा निघाला असता तर? मग रुग्णालयाचे वागणे योग्य ठरले असते काय? पडवीतले अंथरूण योग्य ठरले असते काय? दोन्ही प्रश्नांचे उत्तर ‘नाही’ असेच आहे, आणि हे उत्तर वैद्यकशास्त्राचे आहे तसेच कायद्याचेही आहे.

कायदा काय सांगतो

‘एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७’ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून देशभर लागू आहे. त्यातील तीन गोष्टी प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवाव्यात. पहिली, माहिती देऊन घेतलेल्या संमतीशिवाय ही चाचणी करता येत नाही. न्यायालयाचा आदेश, रक्तपेढीतील रक्ताची तपासणी असे मोजके अपवाद आहेत. दुसरी, उपचार किंवा नोकरी मिळण्यासाठी ही चाचणी ही पूर्वअट ठेवता येत नाही. तिसरी, बाधित व्यक्तीला उपचार, नोकरी, शिक्षण, भाड्याचे घर वा सार्वजनिक सोयी नाकारणे हा भेदभाव आहे. वीस किंवा अधिक माणसे काम करीत असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमलेला असला पाहिजे. त्यापलीकडे राज्याने नेमलेल्या लोकपालांकडे दाद मागता येते. त्यांनी तीस दिवसांत आणि वैद्यकीय निकड असेल तर चोवीस तासांत आदेश द्यावयाचा असतो. तो न पाळणाऱ्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंड आणि पुढे टाळाटाळ चालू राहिल्यास दररोज पाच हजारांपर्यंत अधिक दंड होऊ शकतो.

“मग डॉक्टरांनी स्वतःचे रक्षण कसे करावयाचे?” असे वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. संसर्ग झाल्यानंतरचे काही दिवस असे असतात की रोग शरीरात असूनही चाचणीत दिसत नाही. म्हणजे ‘निगेटिव्ह’ कागद ही पूर्ण हमी नव्हे. म्हणूनच प्रत्येक रुग्णाचे रक्त संसर्गजन्य असू शकते असे धरून, सर्वांच्या बाबतीत सारखेच हातमोजे, सारखेच निर्जंतुकीकरण आणि सुया हाताळण्याची सारखीच शिस्त ठेवावी, हा वैद्यकशास्त्राचा नियम आहे. सर्वांसाठी सारखी काळजी घेतली तर सर्वांचे रक्षण होते. एकाला वेगळे काढले तर उरलेल्यांविषयी आपण निष्काळजी होतो.

भीतीचा जुना इतिहास

या कायद्यापर्यंत पोहोचण्यास आपल्याला फार काळ लागला. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि १८९७ मध्ये साथरोग अधिनियम झाला. पुण्यात रँडच्या कारकिर्दीत सोजिरांनी घरे धुंडाळली, देवघरे व स्वयंपाकघरेही सोडली नाहीत, माणसांना बळाने हलविले. त्या संतापातून २२ जून १८९७ रोजी चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत मुंबईत वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली होती. एकाच वर्षी एकाच रोगाशी लढण्याचे हे दोन मार्ग. एका मार्गाने लोक रोगी लपवू लागले, दुसऱ्या मार्गाने हजारो माणसे स्वतःहून दंड पुढे करू लागली.

आपल्या शेजारच्या गोव्यात १९८९ मध्ये डॉमिनिक डिसोझा या तरुणाने रक्तदान केले. त्या रक्तात एचआयव्ही आढळला आणि तेथील सार्वजनिक आरोग्य कायद्यान्वये त्यांना तब्बल ६४ दिवस एकाकी डांबून ठेवले गेले. चूक एवढीच, की त्यांनी रक्त दिले. सुटकेनंतर त्यांनी बाधितांसाठी काम उभे केले. १९९२ मध्ये ते गेले. पुढे १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका कामगाराच्या प्रकरणात, नाव गुप्त ठेवून, असा निर्णय दिला की काम करण्यास सक्षम असलेल्या आणि इतरांना खरा धोका नसलेल्या माणसाला केवळ एचआयव्हीमुळे नोकरी नाकारता येणार नाही. कुष्ठरोगाच्या बाबतीत तर कायदा आणखी उशिरा जागा झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून आपल्या विवाहविषयक कायद्यांत २०१९ पर्यंत कायम होते, आणि तो रोग औषधांनी पूर्ण बरा होतो हे तोवर शाळेतल्या मुलांनाही ठाऊक झालेले होते.

करोनाने दिलेला धडा

ज्येष्ठ वाचकांना २०२० चा उन्हाळा आठवत असेल. मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांकडे आपलीच वाडी परक्याच्या नजरेने पाहू लागली होती. ग्राम कृती दलांनी शाळांत विलगीकरण केले. त्यामागे काळजी होती, तशी भीतीही होती. ३ जूनला निसर्ग चक्रीवादळाने दापोली-मंडणगडातील घरांची छपरे उडवली, तेव्हा मात्र वेगळे ठेवलेली माणसे आणि वेगळे ठेवणारी माणसे एकाच आडोशाला उभी राहिली.

त्या काळात रुग्णाच्या दारावर सूचनाफलक चिकटविण्याची प्रथा पडली. ९ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याने तसा आदेश दिल्याखेरीज असे फलक लावू नयेत. फलकामुळे रोग थांबत नव्हता. मात्र फलकाच्या धाकाने लोक तपासणीच टाळत होते. ताप अंगावर काढून पाचव्या-सहाव्या दिवशी धाप लागलेल्या अवस्थेत आणलेले वृद्ध मी पाहिले आहेत. त्यांपैकी काहींना केवळ ‘लोक काय म्हणतील’ या विचाराने घरीच ठेवले गेले होते.

मग लस आली. १५ ऑगस्ट २०२१ पासून मुंबईची लोकल दोन मात्रा घेतलेल्यांना खुली झाली, इतरांना बंद राहिली. त्या आदेशांना आव्हान दिले गेले. ते काढताना नियमांनी घालून दिलेली पद्धत पाळली गेली नव्हती, यावर फेब्रुवारी २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बोट ठेवले. त्यानंतर २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डॉ. जेकब पुलियेल यांच्या याचिकेवर महत्त्वाचा निकाल दिला. खंडपीठात न्या. नागेश्वर राव यांच्यासमवेत आपल्या अमरावतीचे न्या. भूषण गवई होते. संविधानाच्या अनुच्छेद २१ नुसार स्वतःच्या शरीरावर माणसाचा हक्क आहे, म्हणून कोणालाही लस घेण्याची सक्ती करता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार निर्बंध घालू शकते, परंतु त्याला कायद्याचा आधार हवा, हेतू योग्य हवा आणि निर्बंध धोक्याच्या प्रमाणात हवा. लस न घेतलेल्यांकडून रोग अधिक पसरतो असा पुरावा त्या वेळी समोर न आल्याने त्यांच्यावरील प्रवेशबंदी मागे घ्यावी, अशी सूचना न्यायालयाने केली.

या निकालाचा अर्थ अनेकांनी सोयीने लावला, म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. न्यायालयाने लसीकरणाचे धोरण चुकीचे ठरविले नाही. मास्क आणि अंतर राखण्यासारख्या नियमांनाही हा निकाल लागू नव्हता. नकार देण्याचा हक्क आहे याचा अर्थ नकार देणे शहाणपणाचे आहे असा होत नाही. साठीनंतर, विशेषतः मधुमेह, दमा वा हृदयविकार असेल तर, फ्लूची लस दरवर्षी आणि न्यूमोनियाची लस आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्यावी, असेच मी प्रत्येकाला सांगतो. समजावून सांगितल्यावर बहुतेक ज्येष्ठ घेतात. धाक दाखविला की तेच ज्येष्ठ दार लावून घेतात.

मास्कचेही तसेच. महाराष्ट्रात एप्रिल २०२२ पासून मास्कची सक्ती उठली. तरी खोकला असताना दवाखान्यात मास्क लावून येणे हा सौजन्याचा भाग आहे, आणि दवाखान्याने सर्वांना सारखीच विनंती केली तर त्यात भेदभाव नाही. मात्र ज्या वृद्धाला धाप लागते किंवा स्वतःच्या हाताने मास्क काढता येत नाही, त्याला तो लावण्याचा हट्ट धरू नये. त्याला रांगेत न बसवता आधी तपासावे किंवा बाहेर मोकळ्या हवेत बसवावे. एवढी सोय लहानशा दवाखान्यालाही जमते.

ज्येष्ठांनी आणि कुटुंबीयांनी काय करावे

• रक्त देण्यापूर्वी ‘कोणकोणत्या तपासण्या आहेत आणि कशासाठी?’ असे शांतपणे विचारावे. संमतीपत्र वाचून, नाहीतर वाचून घेऊन, मगच सही किंवा अंगठा करावा.

• निष्कर्ष एकांतात सांगावा, अशी आधीच विनंती करावी. तो ज्याचा आहे त्याला प्रथम कळावा. मुलाला नंतर सांगता येते.

• उपचार नाकारले गेले तर कारण लेखी मागावे, तारीख व वेळ टिपून ठेवावी, कागदांच्या प्रती ठेवाव्यात. भांडणापेक्षा लेखी अर्ज अधिक काम करतो. प्रथम संस्थेच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग जिल्हा शल्यचिकित्सकांकडे किंवा एचआयव्हीच्या बाबतीत लोकपालांकडे जावे.

• एचआयव्हीविषयी माहितीसाठी १०९७, ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे दूरध्वनी क्रमांक आहेत. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून स्त्रियांना उत्पन्न कितीही असले तरी मोफत वकील मिळतो.

• घरातील वृद्धाला लस किंवा तपासणीसाठी नेताना त्यालाही विचारावे. स्मृतिभ्रंश असला तरी सोप्या शब्दांत सांगावे, त्याचा कल पाहावा. ‘त्यांना काय कळतंय’ हे वाक्य त्याच्या देखत तरी उच्चारू नये.

• संसर्गाच्या भीतीने वृद्धाला वाऱ्यावर सोडणे हा गुन्हा ठरू शकतो. २००७ च्या ज्येष्ठ नागरिकविषयक कायद्यात त्यासाठी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

शेवटी पुन्हा त्या कपाकडे येतो. एचआयव्ही कपबशीतून, कपड्यांतून, स्पर्शातून वा डासांतून पसरत नाही. हे मी त्या सुनेला चुलीपाशी बसून समजावले, तेव्हा ती रडली. कायदा रुग्णालयाला जाब विचारू शकतो, न्यायालय सरकारला विचारू शकते. परंतु घरातल्या मांडणीवर कोणता कप कोणाचा, हे पाहायला कोणताही न्यायाधीश येत नाही. तेथे घरच्यांनाच शहाणे व्हावे लागते.

अलीकडे मी त्यांच्याकडे गेलो होतो. तांडेल चष्मा लावून अंगणात जाळे शिवत बसले होते. चहा आला. मी नकळत त्यांच्या कपाकडे पाहिले. ते हसून म्हणाले, “आता सगळे कप सारखेच आहेत, डॉक्टर. माझा कुठला, ते मलाही सांगता येत नाही.”