ओढाळ गुरे आणि शेजारधर्म

दावे तोडून किंवा कुंपणातील फट शोधून जे जनावर वारंवार दुसऱ्याच्या शेतात शिरते, त्याला आपल्याकडे ‘ओढाळ’ म्हणतात. अशा जनावराच्या गळ्यात शेतकरी लाकडाचा ओंडका अडकवून ठेवतो. चालताना तो पायांत येतो आणि जनावराला धावता येत नाही. या ओंडक्याचे नाव लोढणे. नकोशा जबाबदारीला ‘गळ्यातले लोढणे’ म्हणण्याची रीत यातूनच पडली.

ओढाळ गुरांचा प्रश्न शेतीइतकाच जुना आहे. शेताचे कुंपण उंटाला पलीकडचे दिसू नये इतके उंच असावे, आणि कुत्र्याचे किंवा डुकराचे तोंड शिरेल असे एकही भोक त्यात राहू देऊ नये, असे मनुस्मृतीत सांगितले आहे. गावाजवळच्या शेताला कुंपणच नसेल आणि गुरांनी तेथील धान्य खाल्ले, तर गुराख्याला दंड करू नये, असेही तेथे म्हटले आहे. म्हणजे गुरे सांभाळणे हे जसे एकाचे कर्तव्य, तसे शेत राखणे हे दुसऱ्याचे कर्तव्य, हा विचार फार पूर्वीच रूढ झाला होता.

इंग्रजी अमदानीत १८७१ साली या विषयावर स्वतंत्र कायदा झाला. पिकाची नासाडी करणारे जनावर पकडल्यास ते चोवीस तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवावे, तेथील रखवालदाराने त्याला चारापाणी द्यावे आणि धन्याने दंड व खर्च भरून ते सोडवून न्यावे, असा त्यात नियम होता. कोणीच मागणी केली नाही, तर सूचना देऊन व दवंडी पिटवून जनावराचा लिलाव होत असे. पीक खाणाऱ्या गुराला शेतकऱ्याने स्वतः शिक्षा करू नये, हा या व्यवस्थेतील मोठा गुण होय. मुक्या जनावराला बांध कळत नाही. तो त्याच्या धन्याला कळतो.

गुरे मोकाट सुटल्याने तीन प्रकारची हानी होते. पहिली पिकाची, ती सर्वांना दिसते. दुसरी त्या जनावराचीच. पाण्याच्या ताणाने खुरटलेली कोवळी ज्वारी विषारी असते. ती भरपूर खाल्ल्यास गाय थोड्याच वेळात दगावू शकते. ओला, कोवळा घास अधाशीपणे खाल्ला तर पोट फुगून प्राणावर बेतते. तिसरी हानी मात्र लगेच दिसत नाही. ती आहे वंशाची.

आपल्या राज्यातील गुरांच्या जाती पिढ्यानुपिढ्यांच्या निवडीतून घडल्या आहेत. सोलापूर-सांगलीकडील खिल्लार बैल चपळ व काटक असतो. सह्याद्रीच्या मुसळधार पावसात भातखाचरांतून काम करावे ते डांगी बैलानेच. लातूरकडील देवणी दूधही देते व तिचे बैल नांगरालाही चालतात. अशी एखादी उत्तम गाय माजावर असताना शेजारचा कोणताही वळू कुंपण ओलांडून आला, तर होणारे वासरू कसे निघेल याचा भरवसा उरत नाही. गाय सुमारे २८० ते २९० दिवस गाभण राहते. त्यामुळे मनासारखे वासरू मिळवण्यासाठी धन्याला वर्षभराहून अधिक काळ थांबावे लागते. लहान चणीच्या, अपुऱ्या वयाच्या कालवडीचा मोठ्या वळूशी संबंध आला, तर विताना तिच्या जिवाला धोका संभवतो. शिवाय गर्भपात घडवणारा एक संसर्गजन्य रोग अशा संपर्कातून एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात जातो, आणि तो माणसालाही होतो.

यावर उपाय कठीण नाहीत. गाय साधारणपणे दर २१ दिवसांनी माजावर येते व माज एक दिवसाच्या आतबाहेर टिकतो. ती सारखी हंबरू लागली, चारा सोडून अस्वस्थ झाली, की तेवढ्या काळापुरती तिला गोठ्यातच बांधावे. ज्या खोंडापासून वंश वाढवायचा नाही, त्याला पशुवैद्याकडून वेळीच खच्ची करून घ्यावे. बोकडांना तर तीन-चार महिन्यांचे होताच शेळ्यांपासून वेगळे करावे. कारण ती फार लवकर वयात येतात. बांधावर घायपात किंवा निवडुंगाचे कुंपण लावावे आणि पावसाळ्यापूर्वी त्यातील फटी दोन्ही शेजाऱ्यांनी मिळून बुजवाव्यात. हल्ली जनावराच्या कानात बारा अंकी क्रमांकाचा बिल्ला बसवतात. त्यावरून धनी शोधणे सोपे झाले आहे.

इतके करूनही एखादे दिवशी चूक घडतेच. अशा वेळी वळूच्या धन्याने ती लपवू नये; गाईच्या धन्याला त्याच दिवशी सांगावे. तो दिवस लिहून ठेवावा. तीन आठवड्यांनी गाय पुन्हा माजावर आली, तर बहुधा ती गाभण राहिलेली नसते. न आल्यास दोन-तीन महिन्यांनी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. कालवड फार लहान असेल, तर मात्र थांबू नये. त्याच आठवड्यात पशुवैद्याचा सल्ला घ्यावा, कारण सुरुवातीच्या दिवसांतच औषधोपचार करणे सोयीचे असते. वासरू गाईच्या धन्याचे, हा जुना आणि सर्वमान्य संकेत आहे. परंतु तपासणीचा व औषधाचा खर्च ज्याचा वळू सुटला त्याने आपण होऊन द्यावा, हे शोभून दिसते.

कुंपण दोन शेतांना वेगळे करते. दोन घरांना त्याने वेगळे करू नये. पीक पुढल्या हंगामात पुन्हा येते, वासरूही पुन्हा होते; पण एकदा तुटलेला शेजार सांधायला कधीकधी एक पिढीही पुरत नाही. म्हणून शेजारच्या शेतात आपले गुरू शिरलेले दिसताच, कोणी हाक मारण्याची वाट न पाहता, आपणच दावे घेऊन धावावे.