थंडीत बोटे पांढरी का पडतात?

आपल्या मंडळाच्या दिवाळीला चारशे प्रौढ मंडळी जमली, तर त्यांतल्या वीसेक जणांची बोटे थंडीत पांढरी पडत असणार. निरनिराळ्या देशांतल्या पाहण्या एकत्र केल्या, तर साधारण शंभरात पाच प्रौढांना हा त्रास असतो. पुरुषांपेक्षा बायकांना अधिक. मोरिस रेनो या फ्रेंच डॉक्टरांनी १८६२ साली त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला ‘रेनो’ म्हणतात.

थंडी लागली की बोटांतल्या बारीक रक्तवाहिन्या सगळ्यांच्याच आकसतात. शरीर आतली ऊब राखत असते. रेनो असलेल्यांच्या मात्र एकदम आवळल्या जातात. बोट आधी पांढरे, मग निळे होते आणि रक्त परतले की लाल होऊन ठणकते. फ्रीझरमध्ये घातलेला हात किंवा नुसता मनावरचा ताणही त्याला पुरतो.

थंड हवेत प्रमाण वाढते. अमेरिकेतले उबदार चार्ल्सटन आणि फ्रान्सच्या आल्प्समधले तारांतेझ खोरे यांची तुलना झाली, तेव्हा आल्प्समध्ये रेनो बराच जास्त आढळला. त्यामुळे पुण्या-मुंबईत कधी न जाणवलेला त्रास टोरांटोच्या हिवाळ्यात डोके वर काढतो, याचे नवल नको.

मी स्वतः या वीसांतलीच. मैत्रिणी म्हणत, “रक्त कमी असेल, खजूर खा.” पण हा पंडुरोग नव्हे. आपल्या सावळ्या कातडीवर पांढरेपणा चटकन दिसत नाही. बोटांची टोके आणि नखांखालचा रंग पाहावा. त्या वेळी फोटो काढून ठेवला, तर डॉक्टरांना निदान सोपे जाते.

बहुतेकांचा रेनो निरुपद्रवी असतो. तो तरुणपणी सुरू होतो आणि दोन्ही हातांना होतो. हातमोज्यांइतकेच अंगातले गरम कपडे महत्त्वाचे. सिगारेट तर बंदच करावी. फारच त्रास असेल, तर डॉक्टर निफेडिपिनसारखी रक्तवाहिन्या सैल करणारी गोळी देतात.

थोड्यांच्या बाबतीत मात्र ती दुसऱ्या आजाराची पहिली खूण असते. कातडी घट्ट करणाऱ्या स्क्लेरोडर्मात शंभरातल्या नव्वदांहून अधिक रुग्णांना रेनो असतो, आणि पुष्कळदा तो इतर लक्षणांच्या आधी येतो. म्हणून त्रास चाळिशीनंतर प्रथमच सुरू झाला, एकाच हाताला झाला, बोटांवर जखमा झाल्या किंवा कातडी ताठरली, तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका. रक्ताची तपासणी करून आणि नखांच्या मुळाशी असलेल्या केशवाहिन्या भिंगातून पाहून डॉक्टरांना पुष्कळ कळते.