यार्ड पाहायला तिकीट!

आमच्या समाजातील कितीतरी घरांची चूल रेल्वेच्या पगारावर पेटली. कुणाचे आजोबा गँगमन, कुणाचे वडील खलाशी, तर कुणी यार्डात शंटिंगला. पण यार्ड ही तिकीट काढून पाहण्याची जागा आहे, असे आम्हांला कधी वाटले नाही. अमेरिकेत मात्र लोक मुलाबाळांसह यार्ड पाहायला जातात.

नेब्रास्का राज्यातील नॉर्थ प्लॅट या गावी युनियन पॅसिफिक कंपनीचे बेली यार्ड आहे. मालगाड्यांचे जगातील सर्वांत मोठे यार्ड म्हणून ते ओळखले जाते. लांबी सुमारे १३ किलोमीटर, क्षेत्र २,८५० एकर. आतले रूळ एकापुढे एक जोडले तर सुमारे ५०० किलोमीटर भरतील, म्हणजे मुंबईहून भुसावळच्याही पुढे!

हे सारे वरून दिसावे म्हणून २००८ साली तेथे आठ मजली 'गोल्डन स्पाइक टॉवर' उभा राहिला. सातव्या मजल्यावर उघडा सज्जा आणि आठव्यावर काचेची खोली. खाली काय चालले आहे, ते पाहुण्यांना समजावून सांगायला निवृत्त रेल्वे कामगार असतात.

पाहण्यासारखे काम म्हणजे 'हंप'. हंप म्हणजे मुद्दाम केलेला उंचवटा. इंजिन मालगाडीला मागून ढकलत त्यावर चढवते. माथ्यावर कपलिंग सोडले की डबा इंजिनाविना, स्वतःच्या वजनाने उतारावरून घरंगळतो. सांधे बदलून त्याला ठरलेल्या रुळावर नेतात. वाटेत रुळांलगतचे ब्रेक चाके दाबून वेग कमी करतात. अशा रीतीने एकाच ठिकाणी जाणारे डबे एकत्र येतात आणि नवी गाडी तयार होते.

टॉवरच्या नावामागचा इतिहासही आमच्या वाचकांनी जाणून घ्यावा. १० मे १८६९ रोजी युटामधील प्रॉमन्टरी येथे पूर्वेकडून आणि पश्चिमेकडून आलेले रूळ जुळले. त्या समारंभात सोन्याचा खिळा ठोकला गेला. पश्चिमेकडचा मार्ग डोंगर फोडून काढला तो हजारो चिनी मजुरांनी. त्यांना गोऱ्यांपेक्षा कमी मोबदला मिळे. १८६७ साली त्यांनी संप केला, तेव्हा त्यांची रसद तोडून संप मोडण्यात आला. समारंभाच्या गाजलेल्या छायाचित्रात मात्र ते जवळजवळ दिसतच नाहीत. अमेरिकेच्या कामगार खात्याने सन्मानितांच्या यादीत त्यांना स्थान दिले ते २०१४ साली!

हे वाचताना आम्हांला मनमाड आठवते. फेब्रुवारी १९३८ मध्ये तेथे जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्षस्थानी परमपूज्य बाबासाहेब होते. आमचा माणूस गँगमनच का राहतो, त्याला साधा पोर्टरही का होऊ देत नाहीत, याचे कारण त्यांनी उघड केले. स्टेशनमास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेत. मग अस्पृश्य घरात कसा चालेल? ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हेही बाबासाहेबांनी याच परिषदेत सांगितले.

नॉर्थ प्लॅटला जाणे आमच्यापैकी फार थोड्यांना जमेल. पण तेथील निवृत्त कामगारांसारखे सांगणारे आमच्या वस्तीतही आहेत. सुट्टीत मुलांना त्यांच्याजवळ बसवा. कोणत्या सेक्शनला काम केले, पावसात रूळ कसे राखले, बढती कशी अडली, हे विचारू द्या आणि वहीत लिहून घ्यायला सांगा. आमच्या माणसांचे श्रम आम्हीच नोंदवले नाहीत, तर छायाचित्रात आम्हीही दिसणार नाही.

जय भीम!