मध्ययुगीन इतिहासाला बाजारात भाव काय?

राहात्यात आमच्या शेजारच्या गाळ्यातील एका कापड दुकानदार बंधूंनी मध्यंतरी मला एक सवाल केला. त्यांची मुलगी बी. ए. झाली आहे. तिला मध्ययुगीन इतिहासात एम. ए. करायचे आहे आणि जमल्यास पुढे परदेशात शिकायचे आहे. ते म्हणाले, "भाईजान, तुम्ही चार बाजार पाहिलेत. या मालाला उठाव आहे का?" त्या दिवशी मी हसून वेळ मारून नेली. पण आपण कापडाचा पोत पाहतो, पन्हा मोजतो, मगच भाव बोलतो. मुलीच्या तालिमीबाबत तेवढी तरी चौकशी नको का? ती केली आणि येथे मांडत आहे.

माल कोणता, हे आधी पाहू. आपले अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, मलिक अहमद निजामशहाने १४९४ मध्ये वसवले. निजामशाही १६३६ पर्यंत चालली. तिचा दरबारी इतिहास 'बुरहान-ए-मआसिर' फारसीत आहे. जगभर वाचला जाणारा इतिहासकार फिरिश्ता विजापूरला जाण्यापूर्वी नगरच्या दरबारातच होता. दख्खनच्या सुलतानांच्या कित्येक कागदांवर एकीकडे फारसी आणि खाली मोडीत मराठी मजकूर असतो. म्हणजे ज्याला एकच भाषा येते, त्याच्या हाती अर्धेच थान लागते.

म्हणूनच या विषयात ज्यांनी नाव कमावले, त्यांनी आधी भाषा कमावल्या. जदुनाथ सरकार बंगाली, पण औरंगजेब आणि शिवाजी महाराजांवर लिहिण्यासाठी फारसी व मराठी शिकले. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग. ह. खरे यांनी फारसी साधनांवर आयुष्य वेचले. निलंग्यात १९१० मध्ये जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनी मोगल काळातील फारसी साधने मराठीत आणली. त्यांना १९९२ मध्ये पद्मभूषण मिळाले. अमेरिकेतील ॲरिझोना विद्यापीठाचे रिचर्ड ईटन यांच्या दख्खनवरील २००५ च्या पुस्तकात मलिक अंबरवर प्रकरण आहे. अमेरिकन विद्यार्थी आजही मराठी शिकायला पुण्याला आणि उर्दू व मोगल काळातील फारसी शिकायला लखनौला येतात.

आता आपल्या घरात पाहा. मी स्वतः उर्दू माध्यमात शिकलो. उर्दू वाचणाऱ्याला फारसीची लिपी नव्याने शिकावी लागत नाही. शब्दही ओळखीचे असतात. अस्तर, जरी, गज, रुमाल, दुकान, बाजार, हिशेब, तगादा हे आपण दिवसभर बोलतो, ते सारे फारसीच्या वाटेने आले. बाहेर बोलायला मराठी आहेच. परदेशी मुलगा वर्षानुवर्षे खर्च करून जे भांडवल जमवतो, त्यातले निम्मे आपल्या मुलांकडे जन्मापासून असते. उणीव आहे ती फारसी व्याकरणाची, शिकस्ता म्हणजे तुटक घसरत्या हाताचे लिखाण वाचण्याची, मोडीची आणि पक्क्या इंग्रजीची. इंग्रजीत आम्ही उर्दूवाले कच्चे राहिलो, हे कबूल केले पाहिजे.

आता उठावाचे. नोकऱ्या मोजक्या आहेत, हे आधीच सांगतो. नेट किंवा पीएच. डी. करून प्राध्यापकी, अभिलेखागारे, संग्रहालये, भाषांतर हे रस्ते आहेत. पुरातत्त्व खात्याची अरबी-फारसी शिलालेखांची शाखा नागपुरातच आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरात कोट्यवधी कागद आहेत आणि बहुतांश मोडीत. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी कुणबी नोंदी शोधताना जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी जाणकारांची गरज पडली. २०२५ मध्ये वक्फ मिळकतींची माहिती उमीद पोर्टलवर भरताना जुनी कागदपत्रे बाहेर काढावी लागली. जुन्या सनदा वाचणारा माणूस अशा वेळीच आठवतो. आमच्याच घरचा एक मोडी कागद वाचायला तीन महिने माणूस मिळाला नव्हता.

परदेशाचा हिशेब वेगळा आहे. लंडनचे सोआस, ऑक्सफर्ड, हॉलंडचे लायडन, अमेरिकेतील शिकागो येथे हा विषय शिकवला जातो. मूळ साधने कोणत्या भाषांत वाचता येतात, याला तेथे मोठे वजन असते. चांगल्या अमेरिकन विद्यापीठांत पीएच. डी.ला बहुधा फी माफ होऊन खर्चालाही पैसे मिळतात. एम. ए. मात्र महाग पडते. सोआस व ऑक्सफर्डसाठी फेलिक्स शिष्यवृत्ती आहे, त्याशिवाय इनलॅक्स आणि कॉमनवेल्थही आहेत. केंद्राची मौलाना आझाद फेलोशिप आणि कर्जावरील व्याजाची 'पढो परदेश' योजना २०२२ मध्ये बंद झाल्या, हा आपल्या मुलांना बसलेला फटका आहे. राज्याच्या अल्पसंख्याक विभागाची परदेशी शिष्यवृत्ती आहे. तिच्या अटी त्या त्या वर्षी तपासून घ्याव्यात. कर्ज काढून, शिष्यवृत्तीशिवाय या विषयासाठी परदेशी जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग करावे काय? बी. ए. चालू असतानाच मोडी शिकावी. पुराभिलेख संचालनालयातर्फे तिचे वर्ग घेतले जातात. फारसीसाठी मुंबईचे इराण कल्चर हाऊस आहे. पुढे एम. ए.ला अलिगढ, दिल्लीचे जे. एन. यू. किंवा हैदराबादचे मौलाना आझाद उर्दू विद्यापीठ आहे. इंग्रजीत रोज एक पान लिहावे. परदेशाचा अर्ज एक वर्ष आधीपासून तयार करावा.

शेजारच्या बंधूंना मी एवढेच सांगितले: हा रोजच्या गल्ल्याचा माल नाही. हा पैठणीसारखा आहे, गिऱ्हाईक थोडे, विणायला वेळ फार, पण विणणारा कसबी असेल तर माल पडून राहत नाही. बेटीला दोन वर्षे द्या. त्यात मोडी आणि फारसी दोन्ही हाताखाली आल्या तर परदेशाचा विचार करा. नाही आल्या, तरी घरच्या जुन्या ट्रंकेतले कागद वाचणारे कुणीतरी घरात असेल. त्यांनी कबूल केले आहे. मुलगी आता मोडीचे बाराखडी पुस्तक घेऊन गल्ल्यापाशी बसलेली दिसते.