चष्मा : उपकार नव्हे, हक्क

जवळचे वाचण्याच्या चष्म्याला मराठीत ‘चाळिशी’ हे नेमके नाव आहे. चाळीस वर्षांनंतर डोळ्यातील भिंगाची लवचिकता घटते व जवळचे अक्षर धूसर होऊ लागते. हा आजार नव्हे, वयाचा नियम आहे. कुवेतमधील रिग्गई परिसरात राहणाऱ्या आम्हां मराठी बौद्ध कुटुंबांतील अनेकजण आज याच वयात आहेत. गावी राहिलेले आईवडील तर त्याच्या पुष्कळ पुढे गेले आहेत. त्यामुळे चष्म्याचा खर्च हा प्रश्न आपल्यापुढे इथे आणि तिथे असा दोन्हीकडे उभा आहे.

प्रथम इथला विचार करू. १९९९ च्या कायद्यानुसार कुवेतमधील परदेशी रहिवाशास आरोग्य विमा सक्तीचा आहे. सरकारी दवाखान्यात तपासणी होते. परंतु चष्म्याची काच व चौकट आपण दुकानातून स्वखर्चानेच घेत आलो आहोत. संरक्षक चष्म्याची गोष्ट मात्र निराळी आहे. वेल्डिंग, ग्राइंडिंग किंवा रसायनांचे काम करणाऱ्यांना सुरक्षेची साधने पुरविण्याची जबाबदारी २०१० च्या सहा क्रमांकाच्या कामगार कायद्याने मालकावर टाकली आहे व त्यासाठी पगारातून कपात करता येत नाही. आपल्या कामगार बांधवांनी हे लक्षात ठेवावे.

आता गावाकडे वळू. महाराष्ट्र शासनाने ६ फेब्रुवारी २०२४ च्या निर्णयाने ‘मुख्यमंत्री वयोश्री योजना’ सुरू केली. ६५ वर्षे पूर्ण झालेल्या व वार्षिक कौटुंबिक उत्पन्न दोन लाख रुपयांच्या आत असलेल्या ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, वॉकर अशा साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये आधारशी जोडलेल्या बँक खात्यात देण्याची ही तरतूद आहे. मागील तीन वर्षांत तेच साधन शासनाकडून विनामूल्य मिळालेले नसावे, ही अट आहे. पैसे जमा झाल्यावर खरेदीचे देयक तीस दिवसांत सादर करावे लागते. म्हणून दुकानातून पक्की पावती घेण्यास आईवडिलांना आवर्जून सांगावे. अर्ज कोठे व केव्हा करावा, याची चौकशी जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, समाजकल्याण यांच्या कार्यालयात करावी.

याशिवाय १९७६ पासून चालत आलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात शाळकरी मुलांना व जवळचे न दिसणाऱ्या ज्येष्ठांना मोफत चष्मे देण्याची तरतूद आहे. त्याची विचारणा जिल्हा रुग्णालयाच्या नेत्रविभागात करता येते. ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम’ तर फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघर येथूनच सुरू झाला. अंगणवाड्या व सरकारी शाळांतील मुलांच्या तपासणीत दृष्टिदोषाचाही समावेश आहे. आपली कुवेतमध्ये शिकणारी मुले या तपासणीच्या कक्षेत येत नाहीत. त्यांना फळा नीट दिसतो की नाही, हे आपणच वेळीच पाहिले पाहिजे.

एवढ्याशा काचेने काय फरक पडतो, असे कोणास वाटेल. आसाममधील चहामळ्यांत चाळिशी ओलांडलेल्या मजुरांना चष्मे दिल्यावर त्यांची पानखुडणी, चष्मा न मिळालेल्यांच्या तुलनेत, सुमारे २२ टक्क्यांनी अधिक झाली, असे २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. बांगलादेशातील २०२४ च्या अभ्यासात आठ महिन्यांत उत्पन्न सुमारे ३३ टक्क्यांनी वाढले. सुई ओवणाऱ्या, धान्य निवडणाऱ्या, बाराखडी गिरवणाऱ्या माणसाची नजर हेच त्याचे भांडवल असते.

तरीही आपले ज्येष्ठ मागत नाहीत. ‘मुलगा परदेशात आहे, सरकारपुढे हात कशाला पसरायचे?’ असा त्यांचा प्रश्न असतो. यामागील स्वाभिमान आदरणीय आहे. पण सार्वजनिक मदत म्हणजे भीक नव्हे. ब्रिटनमध्ये १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा चष्मे विनामूल्य होते. १९५१ मध्ये चष्मे व कवळ्या यांवर शुल्क लावण्याचे ठरताच त्या सेवेचे शिल्पकार अन्युरिन बेव्हन यांनी एप्रिलमध्ये मंत्रिपद सोडले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाबासाहेबांनी हिंदू कोड बिलाच्या प्रश्नावर मंत्रिमंडळाचा राजीनामा दिला. दोन देश, दोन विषय. परंतु लोकांचा हक्क पदापेक्षा मोठा, ही जाणीव एकच. मजूरमंत्री असताना बाबासाहेबांनी कामगारांच्या कल्याणाकडे दयेच्या नव्हे, अधिकाराच्या दृष्टीने पाहिले, हे आपण विसरता कामा नये.

हक्काबरोबर शीलही येते. आपल्या मिळकतीमुळे कुटुंबाचे उत्पन्न मर्यादेबाहेर जात असेल, तर खोटे घोषणापत्र देऊ नये. पंचशील घेणाऱ्या घरास ते शोभत नाही. अशा वेळी आईवडिलांचा चष्मा आपण घ्यावा, आणि वस्तीत ज्यांचे कोणी परदेशात नाही, ज्यांना अर्ज वाचता येत नाही, त्यांचा अर्ज भरून द्यावा. या सुट्टीत गावी जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने निदान एका ज्येष्ठास नेत्रतपासणीस न्यावे. बाबासाहेबांनी आपल्याला वाचायला शिकविले. वाचणाऱ्या डोळ्यांची काळजी घेणे आपल्याकडे आले आहे.