काचेतला समुद्र (भाग ९) : जोडीतली मारामारी

टाकीतलं पाणी मुरलं, अमोनिया शून्यावर आला, लाइव्ह रॉक रचून झाले. इथवर आपण मागच्या भागात आलो होतो. यापुढचं बहुतेक घरांत ठरल्यासारखं घडतं. दुकानातून क्लाउनफिशची ‘जोडी’ येते. दोन दिवस दोघे एका कोपऱ्यात अंगाला अंग लावून पोहतात, मुलं बारसं उरकून घेतात. आठवडा सरत नाही तोच एक मासा दुसऱ्याला टाकीभर पिटाळू लागतो आणि मला विचारणा येते : नर मादीला मारतोय, काय करू?

बहुतेक वेळा प्रकार नेमका उलटा असतो. मारणारी मादी असते, किंवा मादी होऊ घातलेला मासा.

क्लाउनफिशमध्ये जन्मतः मादी कुणीच नसते. समुद्रात एका ॲनिमोनमध्ये राहणाऱ्या टोळीत सर्वांत मोठा मासा मादी, त्याखालचा प्रजननक्षम नर, आणि बाकीचे नुसते रांगेत. मादी मेली की नराची मादी होते आणि रांगेतला पहिला नर बनतो. हान्स आणि सिमोने फ्रिके यांनी १९७७ साली ‘नेचर’मध्ये हे मांडलं, आणि त्यांचा मुख्य मुद्दा दांडगाईचाच होता : मादीच्या दमदाटीमुळे नर नर राहतो. एकदा मादी झालेला मासा मात्र पुन्हा नर होत नाही. म्हणून दोन वाढलेल्या माद्या एका छोट्या टाकीत टाकल्या, तर बहुधा त्यातली एकच उरते.

खालच्या क्रमांकाचे मासे काय करतात, हे तर फारच विलक्षण आहे. पीटर बस्टन यांनी पापुआ न्यू गिनीतल्या प्रवाळांवर पाहिलं (२००३), की ते स्वतःची वाढ आवरून धरतात. वरच्याशी बरोबरी होऊ लागली, तर ॲनिमोनमधून हाकललं जाण्याची भीती, आणि बाहेर मोठे मासे टपलेले. आकारातला हा फरक म्हणजेच त्यांचा तह. जोडीतला लहान मासा लांबीला मोठ्याच्या साधारण चार पंचमांश असतो.

दुकानदार मात्र दिसायला बरे म्हणून अगदी सारखे दोन काढून देतो! शिवाय हल्ली पुष्कळ मासे हॅचरीत वाढलेले असतात. आपल्याकडे मंडपमला केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने आणि ऐरोलीत मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनने हे काम केलं आहे. समुद्रातून पकडण्यापेक्षा हे कितीतरी बरं, आणि घ्यावेत तर असेच. पण घोळक्यात वाढलेल्या पिल्लांमध्ये वरचा-खालचा हा निकाल लागलेला नसतो. तो तुमच्या टाकीत लागतो. चाळीत भांडण झालं तर गॅलरीत तरी जाऊन उभं राहता येतं; पंचाहत्तर लिटरच्या टाकीत हरलेल्याला जायला जागाच नाही.

म्हणून आधी बघत बसा. लहान मासा मध्येच एका कुशीवर कलतो आणि अंगभर थरथरतो. नवखे लोक त्याला फिट आली समजून औषध आणायला धावतात. ती शरणागती आहे, आणि ती दिसली की मी तरी निश्चिंत होतो. पाठोपाठ टकटक असा आवाजही येऊ शकतो. जबडा झटक्यात मिटून दातांवर दात आपटल्याने तो होतो, हे पार्मेंतिए आणि सहकाऱ्यांनी २००७ साली दाखवलं. थरथरल्यावर मारणारा थांबला, तर गाडी रुळावर आहे.

थांबत नसेल तर काळजी. पर फाटलेले, लहान मासा हीटरमागे पृष्ठभागाशी चिकटलेला, खाणं टाकलं तरी बाहेर येत नाही. किंवा दोघे जबड्यात जबडा अडकवून झुंजतात आणि थरथरत कुणीच नाही. अशा वेळी भोकांच्या ॲक्रिलिक पेटीत लहान माशाला ठेवून ती टाकीतच टांगावी. दिसू दे, पण चावता येऊ नये. आठवडा-दोन आठवड्यांनी सोडून बघा. तरी भागलं नाही, तर दांडग्यालाच काही दिवस बाहेर काढा, दगडांची मांडणी बदला आणि मग त्याला परत आणा. तेही फसलं, तर एक मासा दुकानात परत करावा. यात कमीपणा वाटण्याचं कारण नाही.

मार वाटला जावा म्हणून तिसरा क्लाउनफिश आणायचा सल्ला काही जण देतात. गोड्या पाण्यातल्या सिक्लिडना गर्दीत ठेवण्याची युक्ती इथे चालत नाही. तिसरा हकनाक मरतो. ‘मरून’ जातीचा क्लाउनफिश तर छोट्या टाकीत आणूच नये. त्याची मादी पंधरा सेंटिमीटरपर्यंत वाढते आणि जुळलेल्या नरालाही कधी उठून फाडते.

जोडी जुळली, की काही महिन्यांत दगडावर नारिंगी अंड्यांचा ठिपका दिसेल. नर परांनी त्यांना वारा घालत राहील, आणि काच पुसायला हात घातलात की मादी तुमच्या बोटाचा चावा घेईल. अंडी आणि पिल्लं पुढच्या आठवड्यात.